गावची पोरं फेब्रुवारीत बर्फाच्या ट्रेकला निघालीत: हिमस्खलनाबद्दल काय विचारायचं, काय पाहायचं?

कोरडवाहू (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. विषय आपल्या भागाबाहेरचा आहे, पण जाणारी माणसं आपली आहेत म्हणून धागा काढतोय.

आमच्या गावात भरतीची तयारी करणारी पोरं आहेत. पहाटे रोडवर धावतात, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गोळाफेक. तूर घरात आली की यंदा त्यांनी उत्तराखंडात सांक्रीहून केदारकंठाला जायचं ठरवलंय. सुमारे ३८०० मीटर उंची, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, वर सगळा बर्फ. पैसे भरून झाले, नागपूरहून रेल्वेची तिकिटं निघाली. पोरं काटक आहेत, दमाची मला काळजी नाही. पण एकानंही बर्फ पाहिलेला नाही. गारा पाहिल्यात, तेवढ्याच.

मी आयोजकाला फोन करून हिमस्खलनाचं विचारलं. तो म्हणाला, "त्या रूटवर तसलं काही होत नाही. आणि आम्ही हवामान क्लिअर असेल तरच वर नेतो." ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. आभाळ मोकळं असलं म्हणजे धोका नाही, हे खरं आहे का? २०२५ च्या फेब्रुवारीअखेर बद्रीनाथजवळ माणा गावापाशी रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर बर्फाखाली गेले, ४६ वाचले, आठ गेले. तेव्हापासून मी जमेल तसं वाचतोय, पण वाचलेलं आणि उतारावर उभं राहून दिसलेलं यात फरक असतो. इथे सैन्यातून आलेले, गिर्यारोहणाचा कोर्स केलेले लोक आहेत. नीट सांगा.

पोरांना थांबवायचा हेतू नाही. २०१८ ला आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. खेड्यातल्या पोरांनी डोंगर चढू नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या पोरांना आधी कितीतरी महिने शिकवलं होतं. आमच्या पोरांना कोणी काही शिकवलेलं नाही.

माजी_सुभेदार (मेहकर, बुलढाणा)

भाऊ, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, खरं नाही. मोठी बर्फवृष्टी होऊन गेली आणि लख्ख ऊन पडलं, तो पहिला दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस, हे सगळ्यात वाईट. आपण शेतातली माणसं. पाऊस थांबून उघाड पडली की बाहेर निघायचं, हे हाडात मुरलेलं असतं. तिकडे हीच सवय जिवावर येते. नवा बर्फ खालच्या थरावर वजन टाकून बसलेला असतो आणि त्याला अजून बसकण आलेली नसते. तेवढ्यात निळं आभाळ दिसतं, फोटोचा मोह होतो आणि लोक उतारावर जातात.

नोकरीतले बरेच हिवाळे मी काश्मीर-लडाखच्या बर्फात काढलेत, त्या अनुभवावरून लिहितो.

डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकच एक गादी नव्हे. नोव्हेंबरात थोडा पडतो, मग पंधरा दिवस काही नाही, डिसेंबरात पुन्हा. थरावर थर चढत जातात आणि प्रत्येक थराची जात वेगळी. सुरुवातीचा थर पातळ असतो. वर निरभ्र रात्र आणि कडाक्याची थंडी. जमिनीला टेकलेला बर्फ शून्याच्या आसपास आणि पृष्ठभाग त्याहून पुष्कळ थंड. दहा सेंटिमीटरमागे एक अंशाहून जास्त फरक पडला की थराच्या आतली वाफ खालून वर सरकू लागते. मग कण एकमेकांना धरून राहत नाहीत. मोठे, कोनदार, सुटे होतात. मुठीत दाबले तर गोळा होत नाही, बोटांतून गळून जातात.

आता यावर जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन फूट नवा बर्फ पडला आणि वाऱ्यानं तो दाबून घट्ट केला असं समजा. खळ्यावर सोयाबीनचे दाणे पसरले, त्यावर लांबरुंद फळी ठेवली आणि फळीवर माणूस उभा केला, तर सपाटीवर काही होणार नाही. तेच खळं तिरपं केलं तर दाणे घरंगळतील आणि फळी माणसासकट अख्खी निघेल. माणसांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलनं अशीच होतात. तिकडे त्या फळीला स्लॅब म्हणतात. तडा बऱ्याचदा आपल्या पायाशी पडत नाही, वर पडतो. म्हणजे माणूस आधीच फळीच्या मधोमध असतो, पळायला जागाच नसते. आणि ही फळी सोडवणारा दहापैकी नऊ वेळा स्वतः बुडालेला माणूस किंवा त्याच्याच गटातला कोणी असतो. वरून आपोआप कोसळलं आणि बिचारा सापडला, असं कमी वेळा घडतं.

उताराचा हिशेब पोरांना पाठ करायला लावा. ३० ते ४५ अंशांचा उतार धोक्याचा, त्यातही ३८ च्या आगेमागे सर्वांत जास्त. त्याहून सपाट असेल तर फळी सहसा सुटत नाही. फार उभा असेल तर बर्फ साठतच नाही, झडत राहतो. पण एक लक्षात ठेवा, तुम्ही स्वतः सपाटीवर चालताय आणि डोक्यावर ४० अंशांचा भरलेला उतार आहे, तर तुम्ही त्याच्या वाटेतच आहात. घळीत, नाल्याच्या तळाशी तर मुळीच थांबू नका. थोडंसं स्खलनही तिथे खोल साचतं.

भटक्या_अकोला

सुभेदार काकांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. मी केदारकंठा करून आलोय. सीझनमध्ये तिथे माणसांची रांग असते. बरीचशी वाट जंगलातून जाते, तंबू मोकळ्या कुरणात. हा काही सियाचीन नाही. खेड्यातल्या पोरांच्या घरचे आधीच "कशाला जाता" म्हणत असतात. त्यात असा धागा वाचला तर बिचारी घरीच बसतील. गाइड स्थानिक असतात, त्यांना डोंगर कळतो.

माजी_सुभेदार (मेहकर, बुलढाणा)

अकोल्याचे भाऊ, वाट बरीच सौम्य आहे हे मलाही मान्य. दाट जुनं जंगल म्हणजे त्या पट्ट्यात वारंवार स्खलन येत नाही याची चांगली खूणही आहे. पण माथ्याकडचा शेवटचा चढ जंगलाच्या वर आहे आणि तो उभा आहे. तिथे पोरांनी डोळे उघडे ठेवायचे.

रांगेचं म्हणाल तर मला तीच भीती वाटते. पुढचे चाळीस जण गेले म्हणजे उतार पक्का आहे असं ठरत नाही. थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. जाड भागावरून चाळीस माणसं जातात, काही होत नाही. एकेचाळिसावा फोटोसाठी चार पावलं बाजूला जातो, तिथे थर पातळ असतो, त्याच्या पायाचा दाब खालच्या सुट्या दाण्यांपर्यंत पोचतो आणि सगळा उतार सुटतो.

अनुभवी माणूस सोबत असणं चांगलंच. पण ४ ऑक्टोबर २०२२ आठवा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रगत अभ्यासक्रम, शिखर द्रौपदी का डांडा-२. प्रशिक्षक सोबत होते. तरी हिमस्खलनात २९ जण गेले, त्यातल्या दोघांचे देह सापडलेच नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात १६ दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही चढलेल्या सविता कंसवाल त्यांच्यात होत्या. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गला खिलनमर्गच्या उतारावर प्रशिक्षण घेणारे जवान गेले, तेही बर्फातच शिकत होते. उतार कोणाचा अनुभव विचारत नाही. म्हणून गाइडवर विश्वास ठेवा, पण त्याला प्रश्नही विचारा. चांगला गाइड प्रश्नांनी रागावत नाही.

पर्जन्यमापक (वाशीम)

हवामानाची बाजू मी जोडतो, कारण इथे आपला हिमालयाशी थेट संबंध आहे.

हिवाळ्यात हिमालयावर जो बर्फ पडतो तो बहुतेक पश्चिमी विक्षोभामुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूनं इराण, अफगाणिस्तान ओलांडत ही कमी दाबाची प्रणाली येते. ती खोल असली आणि तिला अरबी समुद्राची किंवा बंगालच्या उपसागराची ओल मिळाली, तर तिकडे बर्फ आणि इकडे आपल्या हरभरा-गव्हावर अवकाळी आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विसरणं शक्य नाही. मी तेव्हापासून सॅटेलाइटची चित्रं बघायला लागलो. त्यामुळे पोरांच्या घरच्यांसाठी एक साधी खूण: फेब्रुवारीत नागपूरच्या हवामान केंद्रानं विदर्भासाठी विजा-गारांचा इशारा दिला, तर त्याच दिवसांत उत्तराखंडासाठी देहरादून केंद्र काय म्हणतंय तेही बघा. दर वेळी जुळणार नाही, पण बघायची सवय लागेल.

२०१४ चंच दुसरं उदाहरण. १२ ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. उरलेली प्रणाली छत्तीसगडवरून उत्तरेकडे सरकली आणि १४ ऑक्टोबरला नेपाळात अन्नपूर्णा परिसरात प्रचंड बर्फ पडला. थोरोंग ला खिंडीच्या बाजूला बर्फाचं वादळ आणि हिमस्खलनं मिळून ४० हून अधिक माणसं गेली. ऑक्टोबर म्हणजे तिथला सर्वांत चांगला हंगाम. वादळाची बातमी दोन दिवस आधीपासून सगळीकडे होती, पण विशाखापट्टणमचं वादळ आपल्या खिंडीत येईल हे चालणाऱ्यांपर्यंत पोचलंच नाही.

बर्फ किती पडला याबरोबरच किती वेगानं पडला, हे विचारा. २४ तासांत फूटभर आणि सोबत वारा असेल तर दोन दिवस उभ्या उतारापासून लांब राहायचं. तेवढाच बर्फ आठवडाभरात हळूहळू पडला तर खालच्या थराला सवड मिळते. आणि एकदम ऊब आली, किंवा बर्फावर पाऊस पडला, तर धोका झटकन वाढतो.

पोराची_माय (घाटंजी)

माहा पोरगा बी जाऊन रायला, दुसऱ्या गटासंगं, मनालीकडे. तुमचं सारं वाचलं, समजलं बी. पण मले एवढं सांगा राजेहो, घरी बसून आम्ही काय पायचं? तो तं म्हणते, आई तू टीव्ही नोको पाहू. म्या कोणाले फोन करू आन काय इचारू? नुसतं "जेवला का" इचारून मन भरत नाही.

हिमकण_नागपूर

ताई, तुमच्यासाठीच लिहिते. मी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, त्यात शिकवलं तेवढंच सांगते.

चंदीगडला डीआरडीओची एक संस्था आहे, डीजीआरई. पूर्वी मनालीला सासे नावाची संस्था होती, ती २०२० मध्ये हिच्यात विलीन झाली. हिवाळ्यात ती जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचा इशारा देते. जिल्ह्याचं नाव, किती उंचीच्या वर, पुढचे २४ तास, आणि धोक्याचा स्तर १ ते ५. बातम्यांतही येतं. मनालीसाठी कुल्लू आणि लाहौल-स्पिती बघा, केदारकंठासाठी उत्तरकाशी.

स्तर ३ आला की बरेच जण "मध्यम आहे, चालेल" म्हणतात. युरोपातल्या नोंदींत हिमस्खलनाचे जवळपास निम्मे मृत्यू स्तर ३ च्या दिवशीचे आहेत. ४ आणि ५ ला लोक घाबरून घरी थांबतात, ३ ला निघतात. म्हणून ३ दिसला तर मुलाला फोन करून स्पष्ट विचारा: आज तुमच्या वाटेवर किंवा वाटेच्या वर ३० अंशांपेक्षा उभा उतार आहे का? गेल्या दोन दिवसांत नवा बर्फ किती पडला? वारा होता का? त्याला उत्तर येत नसेल तर त्यानं गाइडला विचारावं. तुम्ही विचाराल म्हणून तो विचारेल, हाच फायदा.

एक सूचना फक्त ट्रेक करणाऱ्यांसाठी नाही, फिरायला जाणाऱ्यांसाठीही आहे. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर बर्फात खेळायला उतरलेल्या पर्यटकांवर स्खलन आलं, सात जण गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती, ही जागा पंधराव्या मैलाजवळची. आपल्याकडून बस करून जाणारे कितीतरी लोक असेच रस्त्याकडेच्या उतारावर चढतात.

आता गटासाठी. बर्फाखाली गेलेला माणूस बहुतेक गुदमरून जातो. १० ते १५ मिनिटांत बाहेर काढला तर दहापैकी नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की साधारण तिघांतला एक. २०१६ ला सियाचीनवर लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि सगळा देश गहिवरला, पण तेही तीन दिवसांनी गेले आणि सोबतचे नऊ जवान आधीच गेले होते. हेलिकॉप्टरची वाट बघण्यात अर्थ नसतो, शोधणारे सोबतीच असतात. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन गोष्टी लागतात: ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा आणि पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब घडीची काठी, आणि धातूचं फावडं. तिन्हीपैकी एक नसेल तर बाकीच्या दोहोंचा फार उपयोग नाही. माणूस नेमका कुठे आहे हे कळलं तरी हातानं खणता येत नाही. स्खलन थांबलं की बर्फ एकदम घट्ट आवळून बसतो.

मोबाइल ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर दूर, आणि शोधताना ५० सेंटिमीटर दूर. नाहीतर संदेश बिघडतो. मुलं छातीच्या खिशात फोन ठेवतात म्हणून मुद्दाम सांगते.

सातपुड्याची_पायवाट (परतवाडा)

३० अंश डोळ्यांनी ओळखणं कोणालाच जमत नाही, सराव लागतो आणि तो इथेच करता येतो. मोबाइलमध्ये उतार मोजायचं ॲप टाका, काठी उतारावर आडवी ठेवा, तिच्यावर फोन ठेवा. आधी अंदाज बोला, मग मोजा. आम्ही चिखलदऱ्याकडच्या टेकड्यांवर मोजत होतो तेव्हा जो उतार सगळ्यांना "पंचेचाळीस तरी असेल" वाटला तो तिशीच्या जवळ निघाला. उलटही होतं, वरून खाली बघताना चुकतं ते वेगळंच. दारव्ह्याकडे टेकड्या आहेतच, एक रविवार द्या.

कोरडवाहू (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. पोरांना बसवून धागा वाचून दाखवला. सुभेदार काकांचा पहिला परिच्छेद दोनदा वाचायला लावला त्यांनीच.

रविवारी टेकडीवर नेलं. परतवाड्याच्या भाऊंनी सांगितलं तसंच झालं, अंदाज सगळ्यांचे चुकले, मग हळूहळू जमायला लागले. एका पोरानं विचारलं, "काका, पण तिथे गेल्यावर गाइड म्हणाला चला आणि मला बरोबर वाटत नसेल, तर मी एकटा कसा थांबू? बाकीचे भित्रा म्हणतील." यावर बराच वेळ बोलणं झालं. भरतीच्या पोरांमध्ये मागे न राहण्याचा स्वभाव असतो, तोच त्यांना मैदानावर जिंकवतो. शेवटी असं ठरलं की कोणीही एकानं नको म्हटलं तर सगळे परततील, आणि नंतर गावात आल्यावर त्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही. हे त्यांनी एकमेकांना शब्द देऊन ठरवलंय, मी सांगितलेलं नाही.

आयोजकाला पुन्हा फोन केला. प्रश्न असे: शेवटच्या चढाचा सर्वांत उभा भाग किती अंशांचा? ४८ तासांत मोठी बर्फवृष्टी झाली तर कार्यक्रम काय? गाइडकडे फावडी आणि ट्रान्सीव्हर आहेत का? रोजचा इशारा कोण बघतं? पहिल्यांदा तो वैतागला. मग म्हणाला, फावडी आहेत, ट्रान्सीव्हर नाहीत. अंश माहीत नाहीत, गाइडला विचारून कळवतो. मोठा बर्फ झाला तर खालच्या कॅम्पवरून परत आणू, पैसे परत मिळणार नाहीत. पैशांचं मी पोरांना आत्ताच सांगून ठेवलंय. ते पैसे गेले असं समजूनच निघायचं. नाहीतर वर गेल्यावर पाय त्या पैशांकडे बघून पडतील.

आता शेवटचा प्रश्न. ट्रान्सीव्हर नाहीत, भाड्यानं मिळतील की नाही ठाऊक नाही. तसंच जायचं असेल तर काय पाळायचं?

माजी_सुभेदार (मेहकर, बुलढाणा)

तसं असेल तर तीस अंशांच्या वरच्या भरलेल्या उतारावर पाय ठेवायचाच नाही. शोधायचं साधन नाही म्हणजे चुकीला जागा नाही. माथा राहिला तर राहिला, कुरणातला बर्फ आणि समोरची शिखरं तशीच दिसतात.

बाकी पाळायचं ते असं. पहाटे लवकर निघायचं आणि ऊन तापायच्या आत उतारावरून खाली यायचं. दक्षिणेकडच्या उतारावर दुपारी बर्फ ओला होऊन सुटतो. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर कमकुवत थर आठवडेच्या आठवडे टिकतो, तिथे जुन्या बर्फावरही भरवसा नको. धारेवर वाऱ्यानं बर्फाचा छज्जा बाहेर काढलेला असतो. त्याच्या टोकाला उभं राहायचं नाही आणि खालूनही जायचं नाही. तो ज्या बाजूला झुकलाय त्याच बाजूच्या उतारावर वाऱ्यानं बर्फ रचलेला असतो. संशयाचा छोटा पट्टा ओलांडावाच लागला तर एकेकानं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

पाय टाकल्यावर खालून धप्प असा दबका आवाज आला आणि भोवतालचा बर्फ किंचित खाली बसला, किंवा पायापासून तडे धावत गेले, किंवा तशाच दिशेच्या शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर यातलं एकही पुरे. तिथे चर्चा करायची नाही, आल्या पावलांनी मागे.

आणि कोणी गेलाच, तर तो शेवटचा जिथे दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवायची, तिथून खालच्या बाजूला शोधायचं. हातमोजा, काठी, टोपी वर दिसतेय का बघायचं. मदत आणायला सगळ्यांनी धावायचं नाही. अडकलेल्यानं बर्फ थांबायच्या आत हात तोंडासमोर आणायचे, श्वासाला पोकळी राहते.

पोराची_माय (घाटंजी)

पोराले फोन केला. अंश इचारले तं तो हसला, मंग म्हणे, गाइडले इचारून सांगतो. संध्याकाळी सोताहून फोन आला त्याचा. कुल्लूले स्तर २ हाय म्हणे, आन त्यायची वाट जंगलातली हाय.

हिमकण_नागपूर

छान झालं ताई. इशारा २४ तासांपुरता असतो, उद्या पुन्हा बघा.

कोरडवाहू दादा, आयोजकाकडून अंश कळले की इथे टाका. फावडी किती आहेत तेही विचारा. पूर्ण गटात एकच असेल आणि ते गाइडच्या पाठीवर असेल तर गाइडच बर्फाखाली गेल्यावर काय करणार? निदान तीन, आणि वेगवेगळ्या माणसांकडे.